छत ठोकणाऱ्याची लेक

माझे बाबा हाताशी येईल ते ठोकून बघायचे. टरबूज घेताना सगळेच ठोकतात, त्यात काही नवल नाही. पण बाबा माठ ठोकत, नव्या घराची भिंत ठोकत, लग्नाला गेले की मांडवाचा खांब ठोकत. माझी सोयरीक बघायला गेले तेव्हा बोलता बोलता त्यांनी पाहुण्यांच्या भिंतीवर दोन बोटं वाजवली आणि घरी येऊन आईला म्हणाले, "घर पक्कं आहे. मानसाचं तू पाह्य." आईने कपाळावर हात मारला. "काय वो बाप्पा हा मानूस! सोयरीक पाहाले गेलता का गवंडीकाम?"

ते बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत होते, जमिनीखाली. काम असं, की सुरुंग उडाले, धूर निवला, की बाकीचे आत शिरायच्या आधी बाबांनी जायचं. हातात पुरुषभर लांबीची लोखंडी सब्बल, म्हणजे पहार. तिने वरचं छत ठोकत ठोकत पुढे सरकायचं. पक्का दगड टण्ण बोलतो. आतून सुटलेला दगड भद्द बोलतो. भद्द बोलला की बाजूला, पक्क्या छताखाली उभं राहून तो सब्बलीनं उचकटून खाली पाडायचा, मगच मागच्यांना हाक. बाबांनी "या" म्हटल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही. घरात आईपुढे चकार शब्द न काढणारा माणूस खाली तेवढ्या एका शब्दाचा मालक होता.

एवढं तरी मला कळलं ते शेजारच्या काकांकडून. कारण बाबा घरी खालचं काही बोलायचे नाहीत. आमच्या सगळ्या कॉलनीत तीच रीत होती. दारात पाय धुवायचे आणि जे पाहिलं ते तिथेच सोडायचं. मी लहानपणी मागे लागायचे, खाली अंधार कसा असतो, पाणी कुठून येतं, भीती वाटते का? ते एकच उत्तर द्यायचे. "खालचं खाली." आणि सायकल पुसायला लागायचे. मी पाय आपटत निघून जायचे.

मी तशीही एका जागी बसणारी बाई नाही. पायात भिंगरी आहे. चहा उभ्याने पिते, वर्गात शिकवताना चार मैल चालते. माझी शाळा हिंदी, आजूबाजूचं सगळं बालाघाट हिंदी, माझी मुलं मराठी ऐकली की हसतात, आणि मी मात्र हट्टाने मराठीत लिहिते. नागपूरच्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत कधीमधी छापून येतं. आणि लिहिते कशावर, तर जमिनीखालच्या जागांवर! विहिरी, भुयारं, जुन्या खाणी. त्या काळी बाईमाणसाला खाणीत खाली जाता येत नसे, बाप काही सांगत नसे, मग मी ऐकीव गोष्टींवर पानं भरायचे. बाबा पेपर हातात घ्यायचे, माझं नाव बघायचे आणि घडी करून ठेवायचे. त्यांनी कधी वाचलं की नाही मला ठाऊक नाही. राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मग मला वाटलं, खाण त्यांची असू दे, मी माझं स्वतःचं 'खाली' शोधते. ते मला आईच्या गावी सापडलं.

आईचं गाव खैरलांजीकडे. सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, काळी ओली माती, आणि मध्येच जमिनीतून पांढुरक्या करड्या दगडाची पाठ वर आलेली. चुनखडी. तिथे माणसं नांगर फार खोल लावत नाहीत. विहिरीला पाणी कधी लागतं, कधी भर पावसाळ्यात विहीर रिकामी. गावचा नाला तर टेकडीच्या पायथ्याशी एका भोकात शिरतो आणि दिसेनासा होतो. आम्ही पोरी सुट्टीत त्यात धानाचा कोंडा टाकायचो आणि टेकडीला वळसा घालून पलीकडच्या झऱ्यावर धावत जायचो. बराच वेळ काही नाही, मग पाण्यावर कोंडा तरंगत यायचा. "आला वो, आला!" असं ओरडून आम्ही नाचायचो. पूर्वी गावात चुन्याच्या भट्ट्या होत्या. आता भट्ट्या पडल्या, पण पानाला लावायचा चुना अजून म्हाताऱ्या घरीच विरवतात आणि दुकानच्या चुन्याला नावं ठेवतात.

त्या टेकडीत एक गुफा आहे. गाव तिला माय म्हणतं. वाकून आत जावं लागतं, दहा-बारा पावलांनी उभं राहता येतं, आणि मग एक दालन, आमच्या शाळेच्या दोन वर्गांएवढं. छतातून पाणी ठिबकतं, त्याने दगडावर पांढरी ओलसर साय धरते. तिला मायचं दूध म्हणतात. बाळंतिणीला दूध कमी आलं की सासू येऊन बोटभर साय नेते आणि सुनेच्या छातीला लावते. मलाही लावली होती. दूध आलं की नाही हे आईला विचारा, ती छातीठोक सांगेल.

मायकडे जायची एक रीत आहे. तोंडाशी उभं राहून आत हाक द्यायची, "येऊ का?" आतून आपलाच आवाज परत येतो. तो आला की मगच वाकायचं. आणि निघताना तोंडाशी वळून म्हणायचं, "येतो माय." 'जातो' म्हणायचं नाही. तसं कुठल्याच घरातून निघताना आपण जातो म्हणत नाही, पण मायच्या दारात ते फारच पाळतात. लहानपणी माझ्या तोंडून चुकून 'जाते' निघालं तर मामाने मला पाठीत धपाटा घालून पुन्हा आत पाठवलं होतं. परत आत जाऊन, परत बाहेर येऊन, 'येते' म्हणवून घेतलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गावच्या मंडईचा सगळा कारभार त्याच्याकडे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. त्या दिवशी डफडी वाजवत मंडळी मायच्या दारापर्यंत येतात आणि पाच-सात जाणती माणसं आत जाऊन नारळ फोडतात. एवढंच. आत गर्दी कधी नसायची. गर्दी मी आणली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस उघडला होता. मी मायवर लेख लिहायचं ठरवलं आणि बाबांना सोबत घेतलं. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कान जवळजवळ गेले होते, दारावरची बेल ऐकू यायची नाही. हात थरथरायचे, कपातला चहा बशीत यायचा. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मी त्यांना नेलं ते अशासाठी, की गुफेत शिरल्यावर तरी ते खाणीबद्दल काहीतरी बोलतील. माझा डाव होता तो.

आत दालनात मी टॉर्च फिरवत, वहीत भराभर लिहीत होते. बाबा मागे उभे. त्यांनी एक हात वर करून छताला लावला आणि दुसऱ्या हातातल्या काठीने ठोकलं. दोन पावलं सरकले, पुन्हा ठोकलं. मधोमध गेल्यावर ते थांबले. पुन्हा पुन्हा तिथेच ठोकत राहिले.

"बाहेर चाल," म्हणाले.

"थांबा नं बाबा, लिहून राह्यली नं मी."

"बाहेर चाल म्हनतो नं! छत सुटलं आहे मधात."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याशी खालची भाषा केली आणि मी काय केलं? चिडले. मनात म्हटलं, ज्याला बेल ऐकू येत नाही त्याला दगड काय बोलणार? तरी बाहेर आले, कारण त्यांनी दंडाला धरून आणलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "साळेबुवाले, तुह्या मामाले सांग. मंडईच्या दिवशी कोनी आत नाही जायाचं." मी म्हटलं, "हौ, सांगते."

लेख लिहिला. चांगला उतरला, मला माहीत होतं. हजारो वर्षं थेंब थेंब पाणी, मायचं दूध, येऊ का, सगळं आलं. बाबांचं ठोकणं मी आधी लिहिलं आणि मग खोडलं. त्याने सूर बिघडत होता. आणि शेवट जमत नव्हता म्हणून एक वाक्य ठोकून दिलं, "हे छत आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहील." कशाच्या जोरावर लिहिलं मी हे? कशाच्याच नाही. वाक्य कानाला बरं लागलं, बस.

नेमकं तेच वाक्य पसरलं. कोणीतरी हिंदी करून मोबाईलवर फिरवलं. वारासिवनी, लालबर्रा, गोंदियाहून पोरं मोटरसायकली घेऊन यायला लागली, आत फोटो काढायला लागली. मामा तर हवेतच होता. त्याने गुफेच्या तोंडाशी निळ्या पत्र्याचा बोर्ड लावला, त्यावर पेंटरकडून हिंदीत तेच वाक्य, खाली 'हमारी भांजी'. फोटो मला पाठवला. "भाची पाहिजे तं अशी!" म्हणाला. मग त्याला मी काय सांगणार? आज सांगते, उद्या सांगते, असं करत दिवाळी आली.

बाबा दर खेपेला विचारायचे. मी माहेरी पाय टाकला की पहिला प्रश्न तोच.

"सांगतलं का?"

"हौ बाबा, सांगतलं."

"काय म्हने?"

"ठीक आहे म्हने."

बहिऱ्या माणसाशी खोटं बोलणं फार सोपं असतं, आवाज कापला तरी त्याला कळत नाही. माझी मात्र झोप उडाली होती. जेवताना उठायचे, फोन हातात घ्यायचे, मामाचा नंबर काढायचे, ठेवून द्यायचे. मनाला समजवायचे, की म्हाताऱ्याच्या हातालाच कंप आहे, त्याला सगळं जगच हलतंय असं वाटणार. मग वाटायचं, आणि खरं असलं तर? मंडईत ह्या वर्षी पाच-सात नाही, पाचशे माणसं आत शिरणार. मामाने डफडीवाल्यांनाही आत नेऊन वाजवायचं ठरवलं होतं. आत आवाज कसा घुमतो हे मीच लिहिलं होतं ना!

मंडईच्या दिवशी सकाळी आईचा फोन. "तुह्ये बाबा सब्बल घेऊन गेले वो!"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? मायकडं! मामानं पाठवलेला फोटो मीच दाखवला. बोर्ड पाहिला, अन् उठले. म्हने, पोरगी खोटं बोलली मायासंगं. खैरलांजीची बस धरली."

स्कूटी काढली आणि निघाले. वारासिवनी गेलं, कधी गेलं कळलं नाही. रस्ताभर मी बाबांवर ओरडत होते, मामावर ओरडत होते, त्या पेपरवाल्यांवर ओरडत होते. सगळ्यांवर ओरडून झालं, तेव्हा उरले मीच.

पोचले तर टेकडीखाली माणसंच माणसं. फुगे, जिलेबी, डफडी गळ्यात अडकवून उभे असलेले वाजवणारे. आणि मायच्या तोंडाशी बाबा, सब्बल आडवी धरून. धोतर सुटायला आलेलं, हात थरथर कापतायत, सब्बल तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या दगडांवर कडकड वाजतेय. समोर मामा, फेट्यात, लाल झालेला.

"भाऊजी, बाजूले व्हा. मानसं हसून राह्यली."

बाबांना ऐकू आलं नसावं. ते एवढंच म्हणाले, "कोनी आत नाही जायाचं."

"अहो, तुमाले बाजूची डफडी आइकू नाही येत, अन् दगड आइकू येते? हात पाहा तुमचे!" लोक हसले. मामा माझ्याकडे वळला. "बरं झालं आली. समजव तुह्या बापाले. तूच लिवलं नं, छत राहील म्हनून?"

बाबांनी मला पाहिलं. रागावले नाहीत. सब्बल खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि आत घेऊन गेले. "येऊ का" म्हणायलाही कोणाला सुचलं नाही. मामा मागे आला, त्याच्यामागे दोघं-चौघं. दालनाच्या कडेला, पक्क्या दगडाखाली, बाबांनी मला उभं केलं आणि माझा हात उचलून पुढच्या छताला चिकटवला.

"कानानं नाही आइकत बाई," ते म्हणाले. "खानीत बाजूले मशीन चालू राह्यते, कानाले काय आइकू येते? हातानं आइकते. एक हात दगडाले, दुसऱ्यानं ठोकाचं. सुटलेला दगड हाताखाली हलते. बारीक हलते. तीस वरसं मी हातानंच आइकलं."

आणि त्यांनी स्वतःचा डावा तळहात माझ्या शेजारी छताला लावला. तो हात, जो बशीत चहा सांडायचा, तो दगडाला लागला आणि थांबला. एकदम शांत. मी आ वासून त्या हाताकडे बघत राहिले. आयुष्यभर 'खालचं खाली' म्हणणाऱ्या माणसाने मला खालचं सगळं एका दमात सांगितलं होतं, आणि तेही चार लोकांसमोर.

मामाने उचलून आणलेली सब्बल त्यांनी घेतली आणि ठोकलं. हलकंच.

"समजलं?"

मला काहीही समजलं नाही. थंड, ओला दगड. बस. हललं नाही, बारीक नाही, मोठं नाही. त्यांनी पुन्हा ठोकलं. मी श्वास रोखला, डोळे मिटले, सगळा जीव तळहातात आणला. काही नाही.

डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. मामा बघत होता. बाबा बघत होते, कधी नव्हे ते, शिकवलेलं पोराला आलं का असं बघणाऱ्या मास्तरासारखे.

"हललं," मी म्हटलं. "हौ, हललं. मामा, खरंच हलून राह्यलं."

आणि एकदा तोंड उघडल्यावर मग बाकीचंही बोलून टाकलं. की बाबांनी दिवाळीआधीच सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. की ते वाक्य मी असंच लिहिलं. मामाच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मी पाहिला. त्याच्या बोर्डाचं, फेट्याचं, पाहुण्यांना दिलेल्या बोलावण्याचं मी माती केली होती. बाहेर जाऊन त्याने डफडीवाल्यांना खालच्या कापलेल्या बांधीत नेलं. मंडई तिथेच झाली. दुसऱ्या दिवशी गुफेच्या तोंडाला बाभळीच्या काट्या टाकल्या. मामा त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा थांबला.

परतताना बाबा स्कूटीवर माझ्यामागे बसले होते, सब्बल मांडीवर आडवी. वारासिवनीला चहाला थांबलो. त्यांनी कप धरला, चहा बशीत आला, आणि ते लहान मुलासारखे हसले.

"तुले समजलं नं?"

"हौ बाबा."

घरी गेल्यावर आईला म्हणाले, "पोरगी शिकली."

त्यानंतरचा पावसाळा त्यांनी काढला नाही. जाण्याच्या आधी बरेच दिवस ते बोलत नव्हते, पण मी जवळ बसले की माझा तळहात उघडून त्यावर बोटाने ठोकायचे आणि बघायचे. मी मान हलवायचे. माझ्यासारखी पापी मीच.

छत काही पडलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. गावात चेष्टा सुरू झाली. "काय वो, तुमची गुफा पडली का?" कोणी म्हणायचं, भाचीनं मामाचं नाक कापलं. मामेबहिणीच्या लग्नात मला मागच्या पंगतीत बसवलं. मी महिन्या दोन महिन्यांनी रविवारी स्कूटी काढून जायचे. काट्या बाजूला सारायच्या, "येऊ का?" म्हणायचं, कडेला पक्क्याखाली उभं राहून बाबांची सब्बल हलकेच ठोकायची, तळहात दगडाला. थंड, ओला, मुका. दर वेळी तेच. आणि इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मी तिथे ते पडावं म्हणून जात होते. बाप खरा ठरावा म्हणून मी एक डोंगर पडायची वाट बघत होते. मायच्या दारात उभी राहून मी तिचं मरण मागत होते. निघताना मात्र न चुकता "येते माय" म्हणायचे.

ह्या वर्षी दसऱ्याला आईकडून कळलं, गावाने ठरवलंय, मंडईला गुफा उघडायची. तीन वर्षं झाली, काही झालं नाही, म्हाताऱ्याचं खूळ होतं. बोर्ड पुन्हा रंगवायला दिलाय.

पुढच्याच रविवारी मी गेले. काट्या आधीच काढलेल्या होत्या. "येऊ का?" म्हटलं, आवाज परत आला, आत शिरले. नेहमीच्या जागी उभी राहिले, हात लावला, ठोकलं.

हाताखाली हललं.

झोपलेल्या लेकराच्या पाठीवर हात असावा आणि ते आतल्या आत खोकावं, तेवढंच. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा हललं. बाजूच्या पक्क्या दगडाला हात लावून ठोकलं, तिथे काही नाही. परत इकडे, परत ते बारीक, आतलं. मग माझ्या लक्षात आलं की मी मोठमोठ्याने रडतेय. बाबा, हललं हो! खरंच हललं! सांगू कोणाला? ज्याला सांगायचं त्याला मी तीन वर्षांपूर्वीच खोटं सांगून बसले होते.

तिथून थेट मामाच्या घरी. मामा ओसरीवर धानाचं पोतं शिवत होता. मामीने मला बघून पाणी आणलं, तो मान वर करेना. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. की त्या दिवशी माझ्या हाताला काही समजलं नव्हतं. की बाबांची मान खाली जाऊ नये म्हणून मी हललं म्हटलं. की आज हललं.

तो बोलला. तीन वर्षांनी पहिल्यांदा.

"एकदा लिवतानी खोटं बोलली. एकदा सगळ्या गावापुढं बोलली. आता तिसऱ्या खेपेले मी काहून आइकू तुह्यं?"

"माह्यं नको आइकू," मी म्हटलं. "दगडाचं आइक. हात लाव अन् पाह्य."

त्याने सुई पोत्यात खोचली. पायात चपला घातल्या. मामी "भाकर तं खाऊन जा" म्हणत राहिली, आम्ही दोघं निघालो. गुफेच्या तोंडाशी तो थांबला, "येऊ का?" म्हणाला, सवयीने, आणि वाकला.

मी त्याला पक्क्याखाली उभं केलं. त्याचा हात धरला. धान कापून कापून खरखरीत झालेला, जाड कातडीचा हात. मला धाकधूक, एवढ्या जाड कातडीला काय कळणार? तो मी छताला लावला आणि ठोकलं. टॉर्चच्या अंधुक उजेडात त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"आनखी एकदा," म्हणाला.

मी ठोकलं.

त्याने हात झटकन काढून घेतला, चटका बसल्यासारखा, आणि तळहात बघत राहिला. मग हळूच, जणू कोणी आजारी झोपलंय, तसा पावलं न वाजवता बाहेर निघाला. मी त्याच्यामागे. बाहेर येऊन त्याने बाजूला पडलेल्या बाभळीच्या काट्या उचलायला सुरुवात केली. हाताला रक्त आलं तरी थांबेना. मीही उचलायला लागले. तोंड भरत आणलं, एवढीशी फट राहिली.

त्या फटीशी तो वाकला. मला वाटलं नेहमीचं म्हणेल. फेटा काढून काखेत धरला आणि आत बघून म्हणाला, "जातो माय."

मी वाट पाहिली, की तो स्वतःला धपाटा घालील, परत आत जाऊन परत येईल. त्याने शेवटची काटी फटीत बसवली.